तटस्थ राहून जग कसं बदलावं
वरोरला येणाऱ्या नवशिक्या दात्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. तुम्ही जग बदलायचं ठरवलंत, आणि सुरुवात आमच्या गावापासून करायचं ठरवलंत. दोन्ही निर्णय आम्हाला न विचारता झाले, तरीही अभिनंदन.

गेली कित्येक वर्षं गावात येणाऱ्या पाहुण्यांना हिंडवायचं काम माझ्याकडे आहे. पगार नाही, पण चहा पुष्कळ होतो. त्या अनुभवावरून हे लिहिलं आहे.

यायचं कसं? डहाणूपर्यंत लोकल 2013 पासून येते. वाणगावला उतरा, चिंचणीकडे जाणाऱ्या रिक्षात बसा आणि रिक्षा भरायची वाट पहा. स्वतंत्र गाडी करून येऊ नका असं मी सांगतो, आणि तुम्ही करताच. मग गाडी चिंचणी ओलांडून थेट किनाऱ्यावर येते, दरवाजा उघडतो, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत शिरतो आणि दरवाजा पुन्हा बंद होतो. या प्रसंगाला तुमच्या अहवालात ‘समुदायाशी पहिला संवाद’ म्हणतात, असं मला नंतर कळलं.

बैठक कधी ठेवायची, हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा. तुमच्या फोनमधलं कॅलेंडर इथे चालत नाही. तिथी विचारा आणि तिची पाऊणपट करा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती साधारण सव्वाअकराच्या मागेपुढे आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. शाळा न पाहिलेल्या बायकाही हा हिशेब चालता चालता करतात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप आत जातं, खडक उघडे पडतात, आणि कालवं काढायला, खेकडे-शेवंड धरायला माणसं खडकावर उतरतात. मागे एका संस्थेच्या मंडळींनी ‘किनाऱ्यावरील महिलांचं नेतृत्व’ या विषयावर अमावास्येला संध्याकाळी पाच वाजता बैठक ठेवली. बायका आल्या नाहीत. ‘सहभागाबाबत उदासीनता आढळली’ अशी नोंद झाली. उदासीन बायका तेव्हा गुडघाभर पाण्यात होत्या, शाळेच्या व्हरांड्यातून दिसत होत्या. मी बोट करून दाखवल्या. पाहुण्यांनी फोटो काढला. छान आला.

जून आणि जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुष घरी सापडतात. पण तेव्हा पाऊस असतो आणि तुम्ही येत नाही.

आता दान काय करावं ते पाहू. पहिला मोह वह्यांचा. वह्या द्या, हरकत नाही, पोरांना लागतात. फक्त मुखपृष्ठावर तुमचं बोधचिन्ह इतकं मोठं छापू नका की मुलाला नाव घालायला जागा उरणार नाही. दप्तरं, पाण्याच्या टाक्या, रंगवलेल्या भिंती हेही चालतं. पण तुम्ही तर म्हणालात, आम्हाला असलं किरकोळ काही नको, आम्हाला व्यवस्था मुळापासून बदलायची आहे, जागतिक न्याय हवा आहे. मग तुम्हाला कोसबाडला न्यावं लागेल. फार लांब नाही.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बालवाडी उघडली आणि ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. इथे तुम्ही असतात तर जनजागृतीचा फलक लावला असतात. ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडी उचलून वस्तीत घेऊन गेल्या, घरांच्या अंगणात. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आलं, तिथे लक्षात आलं की वारली आदिवासींची मोठी मुलं गुरांमागे जातात, म्हणून शाळा कुरणावर गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. ताराबाई 1973 मध्ये वारल्या होत्या.

म्हणजे व्यवस्था बदलायला तीस वर्षं लागली, आणि जिने बदलली तिने शेवट पाहिला नाही. आता तुमच्या करारपत्राकडे वळू. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. चांगली गोष्ट आहे. चालू प्रकल्पाला मुदत मात्र, सुरुवातीचं वर्ष सोडून, तीन वर्षं. त्यात पहिले सहा महिने पाहणी, शेवटचे सहा महिने अहवाल, मध्ये दोन पावसाळे. या हिशेबाने ताराबाईंचा प्रकल्प 1948 मध्ये ‘अपेक्षित परिणाम न दिसल्याने’ बंद झाला असता आणि अनुताईंना मान्यवरांच्या हस्ते नारळ मिळाला असता. दोन्ही अर्थांनी.

तळासरीकडे आलात तर झरी गावही पहा. तिथे 1945 च्या मे महिन्यात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवराबायको दोघं त्याची गडी व्हायची, अशांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर त्यांच्याच झोपड्यांत राहून संघटना बांधत होत्या. त्याच साली गवत कापायला 500 पौंडांमागे अडीच रुपये हवेत म्हणून संप झाला, आणि 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. पाच माणसं गेली. त्या लोकांनी मदत मागितली नव्हती, मजुरी मागितली होती, हे ध्यानात ठेवा. मदत मागितली असती तर कदाचित कुणी घोंगड्याही वाटल्या असत्या. अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन पोलादसम्राटाने 1889 साली श्रीमंतांनी संपत्ती कशी वाटावी यावर निबंध लिहिला. तीनच वर्षांनी त्याच्या होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीवरून संप झाला आणि तिथेही माणसं मेली. ग्रंथालयं मात्र त्याने खरोखर ढिगाने बांधली. ग्रंथालय बांधणं सोपं, मजुरी वाढवणं कठीण, ही अडचण तुमच्याआधीही लोकांना आलेली आहे. संकोचू नका.

आता सगळ्यात अवघड धडा. गावात शिरल्यावर अर्ध्या तासाच्या आत कुणीतरी विचारेल, ‘बंदराबद्दल तुमचं काय?’

गडबडू नका. थोडी माहिती घेऊन या. आमच्या उत्तरेला लागूनच वाढवण. तिथे बंदर करायचं हे नव्वदच्या दशकापासून चाललं आहे. 1991 साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. ते कागदावरच राहू नये म्हणून काही मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 1996 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्या प्राधिकरणाने 1998 मध्ये बंदराला नाही म्हटलं. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली तीही त्यांनीच. धर्माधिकारी 2019 मध्ये गेले. 2023 च्या जुलैअखेर त्याच प्राधिकरणाने बंदराला हो म्हटलं. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, ऑगस्टच्या 30 तारखेला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्च सुमारे 76 हजार कोटी, समुद्रात भराव 1,448 हेक्टरचा. भूमी अजून समुद्राखाली असताना तिचं पूजन कसं करतात, हे एका म्हातारबाबांनी मला विचारलं होतं. मला सांगता आलं नाही.

रोजगार येईल असं सरकार म्हणतं, आणि येईल असं मानणारी माणसं या तालुक्यातही आहेत. त्यांची पोरं बारावी होऊन घरी बसली आहेत, त्यांना हसू नये. पण किनाऱ्यावरच्या गावांत घरांवर काळे झेंडे लागले आहेत, साखळ्या धरून माणसं रस्त्यावर उभी राहिली आहेत आणि ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ हे पोरांना बाराखडीच्या आधी येतं. तेव्हा प्रश्न टाळता येणार नाही.

तुमचं उत्तर तयार असतं, ते मी शंभरदा ऐकलं आहे. ‘आम्ही या विषयात तटस्थ आहोत.’

हा शब्द इथे जपून वापरा. तट म्हणजे किनारा, आणि तटस्थ म्हणजे किनाऱ्यावर उभा असलेला. पुण्यात किंवा मुंबईत तटस्थ म्हटलं की कुठल्याच बाजूचा नाही असं समजतात. वरोरला किनाऱ्यावर उभं राहणं हीच एक बाजू आहे. एकदा एका ताईंनी, फार सज्जन होत्या, माइक हातात घेऊन आपण तटस्थ असल्याचं ठासून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. त्यांना कळेना. जेवायला त्यांच्या पानात पापलेट वाढलं गेलं, माझ्या पानात बोंबील.

तटस्थ राहण्याचा दुसरा उपाय म्हणजे आकृती. अलीकडे प्रत्येक दात्याकडे बदलाची आकृती असते. डावीकडे चौकट, उजवीकडे चौकट, मध्ये बाण. एका सल्लागाराने ती आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवली. डावीकडच्या चौकटीत ‘मच्छीमार समुदाय’, उजवीकडच्या चौकटीत ‘सक्षम समुदाय’. पुढे बसलेल्या एका तांडेलाने विचारलं, ‘हा बाण कुणी ओढायचा?’ सल्लागार म्हणाले, प्रश्न छान आहे. मग चहा आला.

कुणाला ओढता येतो ते सांगतो, कारण आपल्याकडे त्याचे नमुने आहेत. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणशी एक पैसा मागत हिंडले. त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा देणाऱ्यांपैकी एकानेही काचेवर आपलं नाव मागितलं नाही. एका पैशात कोण मागणार म्हणा. दुसरा नमुना ऐंशीच्या दशकातला. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्या मंडळींना दिसत होतं की चळवळीत पूर्ण वेळ राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरात महिनाअखेर डबा रिकामा असतो. तेव्हा डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि बरोबरीच्या नटमंडळींनी अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ गावोगाव केलं. जमलेल्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी झाला आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन जाऊ लागलं. इमारत नाही, गाडी नाही, पाटी नाही. महिन्याच्या किराण्याला थोडा हातभार, म्हणजे तो माणूस जिथे भांडतो आहे तिथे भांडत राहील. त्याने काय भांडावं हे निधीने सांगायचं नाही. नावातच कृतज्ञता आहे. देणारा घेणाऱ्याचे आभार मानतो. दानाचं हे उलटं व्याकरण मला तुमच्या सगळ्या आकृत्यांपेक्षा पटतं, आणि इथे विनोद करायचा माझा विचार नाही.

परदेशातून द्यायचं असेल तर आधी कायदा पहा. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीच्या एका ठरलेल्या बँकशाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि एका संस्थेला आलेली दुसऱ्या छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे गावातल्या चार माणसांच्या मंडळापर्यंत ती जवळजवळ पोचतच नाही. जागतिक न्याय इथपर्यंत येतो आणि दिल्लीत उतरतो.

एवढं वाचूनही तुम्ही आलातच, तर शेवटी हे करा. फोटोग्राफरला गाडीत बसवून ठेवा. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसा आणि दोन तास काही विचारू नका. कुणीतरी बंदराविरुद्धच्या खटल्याच्या तारखेबद्दल बोलेल, कुणी डिझेलबद्दल, कुणी मुलीच्या नर्सिंगच्या फीबद्दल, कुणी यंदा घोळ किती कमी लागली त्याबद्दल. लिहून घेऊ नका. लिहायला लागलात की बोलणं बदलतं. मधूनच वहीपेन आणि पावतीपुस्तक घेऊन एक मुलगा येईल, वकिलांच्या खर्चाची वर्गणी म्हणून. ज्याची होडी आहे तो जास्त देतो, जी टोपलीने मासळी विकते ती पन्नास देते, आणि नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात म्हणते. पुढच्या आठवड्यात देतेही.

मुलगा तुमच्यासमोरही थांबेल. तुम्ही खिशात हात घालाल. तो विचारेल, नाव काय लिहू? तुम्ही फाउंडेशनचं पूर्ण नाव सांगाल आणि ते त्या ओळीत मावणार नाही. तो पेन उचलून तुमच्याकडे पाहील. ‘पाहुणे’ लिही म्हणावं.

पावती घडी करून खिशात ठेवा. तिच्यावर करसवलतीचा ऐंशी-जी नंबर शोधू नका, नसतो. आणि वाणगावला जाणारी शेवटची रिक्षा लवकर सुटते, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.