कोथिंबीर वेगळी, स्टँड वेगळा

मेथीच्या जुडीवर भाजीवाली मूठभर कोथिंबीर टाकायची, तसा पूर्वी मोटारसायकलीबरोबर डबल स्टँड यायचा. त्याचे पैसे वेगळे मोजायची पद्धत नव्हती. २०२२ साली रॉयल एनफिल्डची हंटर ३५० आली ती साइड स्टँडवर कलंडून, आणि डबल स्टँड जाऊन बसला ॲक्सेसरीच्या यादीत, आरसे आणि सीट कव्हरांच्या शेजारी. आधी काढायचं, मग विकायचं, आणि घेणाऱ्याला वाटावं गाडी सजवली. हा अपमान नगर जिल्ह्याने तरी मुकाट गिळू नये. १९७२ पासून ज्या लूनाने नगरचं नाव देशभर नेलं, ती स्टँडवर चढवून पेडल मारलं की सुरू व्हायची. स्टँड हा तिथे दागिना नव्हता, अर्धा स्टार्टरच होता.

शोरूमवाले म्हणतील, साइड स्टँड पुरतो की! पुरतो, फरशीवर. पावसाळ्यात नेवाशाच्या काळ्या रानात दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवलेली गाडी त्या एका पायावर ठेवून बघा. घोडेगावच्या बाजाराबाहेर नीट पाहिलं तर गाडीगणिक साइड स्टँडखाली एकेक चपटा दगड दिसेल. कंपनीने गाळलेला सुटा भाग गावाने असा भरून काढला आहे, तोही जीएसटीशिवाय. दुसरा आक्षेप वजनाचा, आणि वळणावर स्टँड घासण्याचा. गुडघा जमिनीला टेकवून वळणाऱ्यांनी तो जरूर मानावा. उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास रांगणाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्याला चेन साफ करायची असते, मागचं चाक हाताने फिरवत एकेका कडीला तेल सोडायचं असतं. साइड स्टँडवर चाक जमिनीलाच टेकलेलं, म्हणजे वीतभर तेल सोडा, गाडी ढकला, पुन्हा वीतभर सोडा. अर्थात कलंडून उभं राहण्याला आपल्याकडे नावं ठेवणं अवघडच. जिल्ह्याचं अख्खं राजकारण त्याच स्टँडवर उभं आहे: वजन एका बाजूला, तोंड रस्त्याकडे, निघायला अर्धं मिनिट.

राहिला प्रश्न डबल स्टँड घरी बसवता येईल का, हा. फ्रेमला स्टँडचे कान असतील तर येतो. नसतील तर वेल्डिंगवाल्याकडे धावू नये, भाजलेली फ्रेम पुढे कुठे तडकेल सांगता येत नाही. बुशला ग्रीस, बोल्ट आरपार, नट घट्ट. एवढं कुणालाही जमतं. गाडं अडतं स्प्रिंगवर. ती आकड्यापासून बोटभर आखूड पडते, आणि पक्कडीने ओढावी तर सुटून थेट डोळ्याकडे येते, म्हणून चष्मा हवाच. जोर करण्यापेक्षा स्प्रिंग शिकंज्यात धरून एका अंगाला वाकवावी, वेढे फाकले की त्यांत रुपयाची नाणी सरकवावीत, मग दुसऱ्या अंगाला वाकवून तेच. आठ-दहा नाण्यांत स्प्रिंग आपसूक लांबते आणि आकड्यात बसते. नंतर स्टँड पायाने खाली दाबला की ती ताणली जाते आणि नाणी खणखण फरशीवर पडतात. ती मात्र मोजून उचलावीत. कोथिंबीरही आता कुणी फुकट देत नाही.