केस कुणाचे, ते आधी सांगा

हल्ली गल्लोगल्ली युनिसेक्स सलून निघालीत. खुर्ची सामाईक, कात्री सामाईक, एसीसुद्धा सामाईक. वेगळं असतं ते फक्त दरपत्रक.

समजा, ढोलपथकात वाजवणारा एक तरुण खांद्यावर रुळणारे केस घेऊन आला आणि मागोमाग त्याची बॉयकटवाली बायको आली. त्याचा गुंता सोडवण्यातच कारागिराची दहा मिनिटं जाणार, त्यात गणपतीपासूनचा गुलाल निघाला तर तो वेगळाच. तिच्या मानेवरचे बोटभर केस उडवले की काम संपलं. बिल मात्र त्याचं दोनशे, तिचं सहाशे. तिने विचारलंच, तर उत्तर तयार असतं : ‘‘मॅम, तुमचा लेडीज हेअरकट आहे ना!’’ इथे वाद खुंटतो.

सलूनवाल्यांचीही बाजू आहे. बायकांना केस धुऊन, लेयर काढून, ब्लो ड्राय करून हवे असतात. शिवाय ‘थोडेसेच कापा’ यातले थोडेसे म्हणजे नेमके किती, यावर वाटाघाटी चालतात. वेळ लागतो, खरंच लागतो. मग वेळेचे पैसे घ्या की! रिक्षाचं मीटरही थांबल्याचे पैसे लावतं, पण आत बाई बसलीय की बाप्या, हे न विचारता.

पुरुषांच्या दुकानातही मोजमापाचा आनंदच आहे. डोक्यावर रान माजलेला कॉलेजकुमार आणि कानांमागे नुसती झालर उरलेले काका, दोघांना एकच दर. काका तक्रार करत नाहीत. पूर्ण पैसे दिले की आपल्याला पूर्ण केस आहेत, हे निदान गल्ल्यावर तरी सिद्ध होतं.

गंमत अशी की केस डोक्यावरून उतरले रे उतरले की बाजाराला ते बरोबर मोजता येतात. तिरुपतीला मुंडन फुकट, बाईचं असो वा पुरुषाचं. पुढे देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं, तेव्हा प्रतवारी लावली जाते ती लांबीनुसार. आपल्याकडे केसांवर भांडी देणारी बाई दारात येते, तीही गुंतवळ हातात तोलून मगच पातेलं काढते. बालाजीला जमलं, भांडीवालीला जमलं.

कॅलिफोर्नियाने १९९५ सालीच कायदा केला : ग्राहक बाई आहे एवढ्यासाठी जास्त पैसे घ्यायचे नाहीत, काम किचकट असेल, वेळ किंवा खर्च जास्त असेल, तर खुशाल घ्या. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये सलूनच्या बिलावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सरकार भेदभाव करत नाही, टक्का दोघांना सारखाच. त्याच्या दोनशेवर दहा रुपये, तिच्या सहाशेवर तीस. राष्ट्र उभारणीत बॉयकटचा वाटा तिप्पट!

आणि याच धंद्याने एके काळी बाईच्या केसांपायी स्वतःची मजुरी सोडली होती. १८९० साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी संप केला : विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. ज्या कामाला धर्माचा आधार, समाजाची सक्ती आणि गिऱ्हाईकाला ‘नको’ म्हणायची सोय नाही, असं हुकमी काम त्यांनी नाकारलं. वस्तरा खाली ठेवण्याचं ते धैर्य आज कुणी मागत नाही. मागणी फार तर एका फूटपट्टीची आहे.

ती मी एका सलूनमालकांपुढे मांडूनही पाहिली. म्हटलं, लांबी बघा, वेळ बघा, पण बाई-पुरुष बघू नका. एकच दरपत्रक लावा. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं, गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं आणि चेहरा एकदम उजळला.

‘‘पटलं साहेब! पुढच्या महिन्यापासून जेंट्सनाही सहाशे.’’