१ जूनची मंडळी

महाराष्ट्रात सत्तरी ओलांडलेली चार माणसं बागेतल्या बाकावर बसली, की त्यांतल्या तिघांचा वाढदिवस हमखास १ जूनला असतो. आई सांगायची, तू झालास तेव्हा घरात गौरी बसल्या होत्या. पण शाळेच्या दाखल्यावर गौरी चालत नाहीत, तारीख लागते. शाळा उघडायची जूनमध्ये, म्हणून गुरुजींनी टाक दौतीत बुडवून गावचं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं.

आमच्या सकाळच्या कंपूतले भाऊ त्याच तुकडीतले. सरकारी नोकरी, ५८ ला निवृत्ती, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी, असा नियम. म्हणजे ३१ मे रोजी शाल, श्रीफळ आणि निरोपाची भाषणं. खऱ्या जन्माप्रमाणे भाऊ गणपतीपर्यंत खुर्चीवर राहिले असते. तीन महिन्यांचा पगार गेला आणि जुलैची वेतनवाढ एका महिन्याने हुकली. हे दुःख त्यांनी पेन्शनच्या फाइलसारखं जपलं. बागेत नवा माणूस आला, की पहिल्याच फेरीत त्याला ते पूर्ण ऐकवलं जाई.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी राज्यभर मोफत झाली. तेव्हा भाऊ ७२ चे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्येच थांबवल्यामुळे त्यांनी रेल्वेचं नाव टाकलं होतं; आता सगळी भिस्त लाल गाडीवर. आमच्या कंपूतही त्यामुळे नवी सेवाज्येष्ठता यादी लागली. ७५ च्या पुढचे अप्पा 'शून्य', ६५ च्या पुढचा मी 'अर्धा', आणि पासष्टीच्या बरेच आतले नाना 'पूर्ण'. नाना तरुण असल्याचा दंड भरतात. मार्च २०२३ पासून तमाम महिलांना अर्धं तिकीट झालं आणि माझा उरलासुरला तोराही गेला. जी सवलत मिळवायला मी ६५ वर्षं जिवंत राहिलो, ती शेजारच्या सीटवरच्या कॉलेजकन्येला आयतीच होती. "आणि मलाही," असं आमच्या सौ.नी लगेच नोंदवलं.

भाऊंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस २०२५ च्या १ जूनला. केक नको, पुष्पगुच्छ नको, वाई पाहिजे, असं त्यांनी मुलाला बजावलं. स्वारगेटला पोहोचलो तर स्थानकाला तोरणं! भाऊ गहिवरले. मग कळलं की वाढदिवस एसटीचाही आहे. १ जून १९४८ रोजी नगर ते पुणे अशी पहिली गाडी धावली. "म्हणजे हिचीही तारीख गुरुजींनीच घातली असणार," अप्पा म्हणाले.

गाडीत कंडक्टर बाई होत्या. भाऊंनी आधार कार्ड काढलं ते पाकिटातून नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या पिशवीतून.

"आजोबा, आजच ७५?"

"आजच. तुमची एसटी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी."

"मग तिला नमस्कार करून बसा. खिडकी घ्या."

बाईंनी मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढलं. भाऊंनी ते उलटसुलट तपासलं, बेरीज बरोबर असल्याची खात्री केली आणि वरच्या खिशात ठेवलं. कात्रज गेलं, खेड शिवापूर गेलं, सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडून आम्ही सातारा जिल्ह्यात शिरलो, तरी हात खिशावरच. वाटेत गाडी दहा मिनिटं थांबली. या वयात त्यांतली नऊ मिनिटं कशात जातात हे समवयस्कांना सांगायला नको. तिथे दारातल्या पोऱ्याने पाच रुपये मागितले. भाऊंनी पुन्हा आधार कार्ड काढलं. पोरगं ढिम्म.

खंबाटकी चढताना नानांनी घाटाचा इतिहास सुरू केला आणि गाडीतले निम्मे ज्येष्ठ झोपले. पूर्ण तिकीट काढलेला माणूस बोलून पैसे वसूल करतो.

वाईचा ढोल्या गणपती रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या देवळात बसलेला आहे. देवळाची मागची भिंत टोकदार आहे, कृष्णेचा पूर तिच्यावर आपटून दोन्हीकडे फाकावा म्हणून. भाऊ त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत होते. "ऑडिटला अशी भिंत पाहिजे होती," ते म्हणाले.

मेणवलीला जायला वडाप. भाऊंनी ड्रायव्हरला विचारलं, "ज्येष्ठांना काय सवलत?" तो म्हणाला, "ज्येष्ठांना फुडं बसवतो." पुढे आधीच तिघं होते. नाना फडणविसांचा वाडा पाहून घाटावर उतरलो. तिथल्या छोट्या देवळात मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही पोर्तुगीज चर्चची घंटा, असं सांगतात. "वसईहून इथपर्यंत, तीही मोफत," भाऊंनी मान डोलावली.

परतीच्या गाडीत त्यांनी हिशेब मांडला. घर ते स्वारगेट रिक्षा, वडाप, मिसळ, ताक, देवापुढे दक्षिणा, पाच रुपये दोनदा. मोफत प्रवास तिकिटाच्या दुप्पट रकमेला पडला होता. पण भाऊ खुशीत होते. त्यांचं म्हणणं असं, की गणपतीत जन्मलेल्याला ही सवलत खरं तर गणपतीतच मिळायची. गुरुजींच्या त्या तारखेने बुडवलेले तीन महिने एसटीने परत केले. आता ते गौरी बसेपर्यंत रोज फिरून वसूल करायचे.

पुढचा बेत नगरचा, पहिल्या गाडीच्या वाटेने. १ जूनवाल्या सर्वांनी सकाळी सहाला बागेच्या फाटकाशी जमावं. आधार कार्ड आणि सुटे पाच रुपये सोबत ठेवावेत. रिक्षा ज्याची त्याने करायची आहे.