बारदाना वजा जाता

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो 1 मे 1999 रोजी. माझं लग्न त्याच महिन्यातलं, आणि पोटही साधारण तेव्हापासूनच माझ्यातून वेगळं निघायला लागलं. जिल्ह्याला आठ तालुके मिळाले, हद्दी आखल्या गेल्या. पोटाची हद्द आखायचं मात्र राहून गेलं.

मी राइस मिलमध्ये मुनीम. धान आत, तांदूळ बाहेर, आणि मधलं सगळं माझ्या वहीत. सरकारी धानाच्या भरडाईचा हिशोब मला झोपेतही सांगता येतो: एक क्विंटल धान घेतलं की 67 किलो तांदूळ परत द्यायचा. उरलेलं तूस, कोंडा आणि मिलवाल्याचं नशीब.

त्यामुळे गेल्या जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, "उंची 170, वजन 91. तुमचं वजन 67च्या आसपास हवं," तेव्हा मला हसू आलं. डॉक्टरांना वाटलं, या माणसाला गांभीर्य नाही. त्यांना काय सांगू, की आयुष्यभर सरकार माझ्याकडून हाच आकडा मागत आलंय! फक्त यंदा धान मी होतो.

मग त्यांनी टेप काढली. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत असावी म्हणे. माझी निघाली 107.

"पण डॉक्टर, पँट तर 38 नंबरची लागते मला."

"पँट तुम्ही पोटाच्या खाली घालता. मी पोट मोजतोय."

एवढ्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला फी देणं जिवावर येतं.

घरी येऊन जाहीर केलं, आजपासून भात बंद. आमच्या भागात हे म्हणणं म्हणजे कोळ्याने मासळीशी अबोला धरण्यासारखं. इथे पाहुण्याला जेवलात का विचारलं तर त्याचा अर्थ भात खाल्लात का, असाच. पोळी ही भातापर्यंत पोचायची वाट. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या निग्रहाने पोह्यांची बशी पुढे ओढली, वर चण्याची तर्री घातली, तेव्हा तिने विचारलं, "अहो, पोहे कशाचे असतात?"

मग लक्षात आलं, की संध्याकाळचा मुरमुऱ्याचा चिवडा तांदळाचा, रविवारची इडली तांदळाची, सासूबाईंचे अनारसे तांदळाचे. माझा पगारही तांदळाचाच. सोडणार काय काय?

मधला मार्ग म्हणून डॉक्टरांनी पॉलिश न केलेला तांदूळ सुचवला. मिलमध्ये बसणाऱ्या माणसाला याहून सोपं काय? मी ऑपरेटरला म्हटलं, "दहा किलो बिना पॉलिशचा काढ." त्याने घाबरून मोटर बंद केली. "काऊन जी मुनीमजी, मशीन खराब झाली का?" त्याला समजावता समजावता माझ्याही डोक्यात पहिल्यांदाच उजेड पडला. आमची अख्खी मिल, तिचे पट्टे, चाळण्या, एवढी वीज, हे सगळं दाण्यावरचा कोंडा काढण्यासाठी. तो कोंडा तेलाच्या कारखान्यात जातो, जनावरांच्या खाद्यात जातो. आणि आता डॉक्टर तोच परत मागताहेत. ऑपरेटरने तांदूळ काढून दिला, पण तेव्हापासून तो मला आजारी समजतो. त्या तांदळाला शिजायला इतका वेळ लागला, की वाट बघता बघता मी अर्धा डबा शेंगदाणे संपवले.

आहारशास्त्रावरून आमच्या मिलमध्ये दोन तट आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, मध्ये काही नाही. ही मूळची वाट डॉ. श्रीकांत जिचकारांची, म्हणून आम्हा वैदर्भीयांना तिचा जरा जास्तच अभिमान. दुसरा तट ऋजुता दिवेकरांचा: थोडं थोडं खा, घरचं खा, तूप-भाताला घाबरू नका. मी भांडणात न पडता दीक्षितांची पंचावन्न मिनिटं घेतली आणि दिवेकरांचा तूप-भात. पंचावन्न मिनिटांत किती तूप-भात बसतो, हे दोघांपैकी कुणीच करून पाहिलं नसावं.

वजनाचा काटा घरी नव्हता आणि मिलमध्ये होता. दर शनिवारी पोती उतरवून झाली की काट्यावर मी चढायचो. हमालांचा मुखिया आकडा वाचायचा आणि खडूने खांबावर लिहायचा. पहिल्या दिवशी त्याने व्यवसायाला धरूनच विचारलं, "बारदाना किती धरू जी?" सरकारी तागाचं पोतं 580 ग्रॅमचं, माझ्या पँट-शर्टाचं किलोभर धरायचं ठरलं. 91 हे डॉक्टरांकडचं वजन बारदान्यासकट होतं, म्हणून निव्वळ 90 ने सुरुवात केली. असा एक किलो मी बसल्या जागी उतरवला.

पहिल्या आठवड्यात आणखी दोन किलो उतरले. मी पेढे आणायच्या बेतात होतो. मुखिया म्हणाला, "वाळलं असंल." मला राग आला, पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खाणं तोडलं की आधी शरीरातली साठवणीची साखर जाते आणि तिच्याबरोबरचं पाणी. चरबी जागची हलत नाही. म्हणजे धानासारखंच! खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांच्या वर ओलावा असला की धान घेत नाहीत, वाळवून आणा म्हणतात. वाळवलं की वजन घटतं, दाणा तेवढाच राहतो. तीस वर्षं हे शेतकऱ्यांना ऐकवलं, आता माझ्यावर उलटलं.

पोटाचे व्यायाम करून पाहिले. पाठीवर झोपून उठण्याचा प्रकार मी तीन आठवडे केला आणि माझे गाल बसले. गाल! चरबी जिथून आपल्याला हवी तिथून निघत नाही. शरीर आपल्या मर्जीने ती सगळीकडून उचलतं, आणि आम्हा पुरुषांच्या बाबतीत पोटाचं गोदाम बहुधा शेवटी उघडतं. उतरलेल्या तोंडाने आणि भरलेल्या पोटाने मी बाजारात फिरलो, की भेटेल तो हळू आवाजात विचारायचा, "शुगर निघाली का?" आमच्याकडे माणूस आपण होऊन बारीक होतो यावर कुणाचा विश्वास नाही.

मग सुभाष बागेत पहाटे चालणं सुरू केलं. चार फेऱ्या, मग दाराबाहेर चहा, मग चहाबरोबर गरम आलूबोंडा, कारण चालल्याने भूक लागते. यात मी एकटा नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. पोट इतकं, की वाकून बुटाच्या नाड्या बांधता येईनात आणि जिना पाठमोरा उतरावा लागे. ते पहाटे दोन दोन तास नदीत नाव वल्हवायचे. त्याने ताकद वाढली, भूक वाढली आणि वजनही वाढलं. शेवटी पाव, साखर, बटाटा, बियर सोडली तेव्हा ते उतरले, आणि 1863 साली त्यांनी त्यावर पुस्तिका छापली. बँटिंगनी जेवणासोबतची लाल वाइन मात्र चालू ठेवली होती. बागेतल्या मंडळींना मी ही सगळी हकिगत सांगितली, त्यातलं एवढं शेवटचंच त्यांच्या लक्षात राहिलं.

जुलैत पावसाने बाग बंद पाडली, तेव्हा आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावी रोवणा चालू होता. मनात आलं, दिवसभर कमरेत वाकून काम, पोटासाठी याहून चांगला व्यायाम कुठला? धोतर खोचलं, बांधीत उतरलो, पऱ्ह्यांची पेंढी हातात घेतली आणि वाकलो. म्हणजे वाकायला गेलो. अर्ध्यात पोट आडवं आलं, श्वास एकीकडे आणि मी दुसरीकडे. गुडघे फाकवून कशीबशी एक ओळ लावली. मागे वळून पाहिलं तर माझी ओळ एक रोवणारी बाई न बोलता उपटून पुन्हा लावत होती. बाकीच्या बायका तेवढ्यात बांधीच्या पलीकडच्या टोकाला पोचल्या होत्या.

दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडली तेव्हा त्याच बाईने विचारलं, "सकारी चालाले जाता म्हन्ते जी तुमी. कुठी जाता?"

"बागेत."

"मंग?"

"गोल फिरतो."

"मंग?"

"मग परत घरी."

तिने पुढे काही विचारलं नाही. माझ्या ताटात आणखी एक मूठ भात वाढला.

तरी मी चिकाटी सोडली नाही. तर्री रविवारपुरती ठेवली, रात्रीचा भात वाटीने मोजला, आलूबोंडा सोडून नुसता चहा घेतला, आणि दिवाळीपर्यंत खांबावर खडूचा आकडा 84 आला. शिंप्याला पँट आत घ्यायला लावली. त्याने, न विचारता, कापड कापून टाकलं नाही, आत दुमडून ठेवलं. "लागंल तं उसवता येते," म्हणाला. त्याला आमच्याकडची मंडई माहीत आहे.

भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची, रात्री नाटक, आणि त्याआधी पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय नाटकाला सोडत नाहीत. पंधरा दिवसांत सात गावं झाली. नवं धान नुकतंच निघालेलं, नव्या तांदळाच्या भाताचा वास दारापर्यंत यायचा. एका घरी नको म्हटलं तर मावशी रडल्या. त्यांना वाटलं, मागच्या लग्नातला रुसवा अजून गेला नाही. पुढच्या सहा घरी मी कुणाला रडवलं नाही.

परतल्यावरच्या शनिवारी काट्यावर चढलो. थंडी पडली होती, म्हणून स्वेटर आणि मफलर होता. मुखियाने आकडा वाचला, खांबावरचा मागचा आकडा पाहिला, आणि खडू हातातच ठेवला.

"बारदाना किती धरू जी?"

"तीन किलो धर."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुनीमजी, येका पोत्याले येवढा बारदाना सरकार नाई मानत."