हार्लेला पळवलं कोणी?
मिलवॉकीची हार्ले-डेव्हिडसन म्हणजे अमेरिकी मर्दुमकीचा धडधडता पुरावा. १९८३ साली रेगन यांनी जपानच्या जडशीळ मोटारसायकलींवर जबर आयातशुल्क लावून तिला हात दिला. तेव्हा शुल्क म्हणजे अमृत होतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी परदेशी पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवर शुल्क लावलं, तेही स्वदेशी कारखाने जगावेत म्हणूनच. युरोपनं उट्टं काढायला नेमकी हार्ले निवडली (जोडीला व्हिस्की आणि जीन्सही). ६ टक्क्यांचं शुल्क ३१ टक्क्यांवर गेलं, गाडीमागे सुमारे २,२०० डॉलरचा भुर्दंड. कंपनीनं जाहीर केलं, युरोपच्या गाड्या आम्ही अमेरिकेबाहेर बनवू. आयात रोखायला निघालेल्या धोरणानं कारखान्याचीच निर्यात केली! आदल्या वर्षी हार्लेवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावून गोडवे गाणारे अध्यक्ष मग बहिष्काराला टाळ्या देऊ लागले. म्हणजे पोलाद महागलं, गिऱ्हाईक दुरावलं, वर बेइमानीचा शिक्का. याच गाड्यांसाठी त्यांनी भारताच्या आयातशुल्कावरही आगपाखड केली होती. दिल्लीनं ते थोडं उतरवलंसुद्धा. पण २०२० मध्ये कंपनीनं हरयाणातल्या बावलचा कारखाना गुंडाळायचं ठरवलं आणि इथली विक्री हीरो मोटोकॉर्पच्या हाती दिली. आपल्यासाठी एवढी लढाई चाललीय, हे तिला बहुधा कोणी कळवलं नसावं.