भुलेचा पाटकरी

(वसमतमधलं एक खासगी रुग्णालय. उद्या सकाळी बागायतदारांच्या हर्नियाचं ऑपरेशन. खाटेवर बागायतदार, स्टुलावर मालकीण, समोर फॉर्म घेऊन भूलतज्ज्ञ मॅडम.)

भूलतज्ज्ञ : काका, उद्या भूल मी देणार आहे. थोडी माहिती हवी.

बागायतदार : तुम्ही? बाईमाणूस? तसं नव्हं, पण माझं वजन शंभरावर हाय.

भूलतज्ज्ञ : भूल द्यायची आहे काका, उचलायचं नाही. 1889 साली निजामानं स्वतःच्या पैशानं हैदराबादेत क्लोरोफॉर्मची तपासणी करवली. तेव्हा वसमत त्याच्याच राज्यात होतं. त्या कामात डॉक्टर रूपाबाई फर्दुनजी होत्या. बाईनं भूल देणं आपल्या मुलखात इतकं जुनं आहे.

बागायतदार : तपासलं कुणावर?

भूलतज्ज्ञ : कुत्र्या-माकडांवर. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, तेव्हा नाडी सोडा, श्वास बघा, असं त्यांनी ठरवलं. पण त्यानं हृदयही थांबू शकतं, हे पुढं सिद्ध झालं. म्हणून मी दोन्ही बघते.

मालकीण : अन् ह्यांच्या तोंडाकडं बी बघा. तिथूनच सगळं बिघडतंय.

बागायतदार : तू गप बस. मॅडम, भुलेत होतंय काय? मेंदूचा मेन स्विच पाडता का?

भूलतज्ज्ञ : नाही. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी तुमच्या रानात कसं येतं?

बागायतदार : चारीला दार असतंय. पाटकरी आला, दार उचललं, की आलं.

भूलतज्ज्ञ : मेंदूच्या पेशींवरही तशी दारं असतात, प्रथिनाचे पाच तुकडे जोडून केलेली. त्यांच्या पाटकऱ्याचं नाव गाबा. तो आला की दार उघडतं आणि क्लोराईड आत शिरतो, आपल्या मिठातलाच. पेशी थंडावते, पुढं निरोप धाडत नाही. हे तुमच्या डोक्यात आत्ताही चालू आहे. बंद पडलं तर फिट येईल.

बागायतदार : मग तुमचं औषध कशाला?

भूलतज्ज्ञ : प्रोपोफॉल त्याच दाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं. पाटकऱ्यानं उघडलेलं दार लवकर मिटू देत नाही. डोस वाढवला तर पाटकरी नसतानाही दार उघडतं.

बागायतदार : आमच्यात बी रातच्याला उघडतंय तसं. त्याला पाणीचोरी म्हणतात.

भूलतज्ज्ञ : आमच्यात गाढ भूल म्हणतात. श्वासही मंदावतो, म्हणून मी उशाशी असते. आता सांगा, शेवटचं जेवण किती वाजता?

बागायतदार : रातच्याला जेवतो. पहाटं फकस्त हळदीचं दूध. वसमतच्या हळदीला 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालंय, मॅडम. साधी हळद न्हाय ती.

भूलतज्ज्ञ : मानांकन असलं तरी दूध नाही. भुलेत ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. आधी सहा तास काही नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल.

बागायतदार : अन् तुमचं ते प्रोपोफॉल? मागं भावाच्या टायमाला बघितलं म्या, पांढरं फेक दूधच होतं की.

भूलतज्ज्ञ : ते दिसायला दूध. प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून त्याचं पायस करतात.

बागायतदार : सोयाबीन? मग आमच्या सोयाबीनला भाव का न्हाय?

मालकीण : सोयाबीन ऱ्हाऊ द्या, अंडं म्हणायल्या त्या! माळ हाय ह्यांच्या गळ्यात.

भूलतज्ज्ञ : माळकरी आहात? मग दारूच्या रकान्यात 'नाही' लिहिते.

बागायतदार : लिहा. म्हंजे... कधीमधी.

मालकीण : कधी म्हंजे रोज. मधी म्हंजे दुपारी. माळ तेवढी खुंटीला टांगतात.

भूलतज्ज्ञ : काका, मी कीर्तनकार नाही, मला हिशेब हवा. दारूचा जोर त्याच दारांवर असतो. रोज प्यायलात की दारं निर्ढावतात, नेहमीच्या डोसला दाद देत नाहीत. तुम्ही लपवलंत तर उद्या माझा अंदाज चुकेल.

बागायतदार : मग आज रातीपासून बंद! तुमच्या पायाची शपथ.

भूलतज्ज्ञ : तेही नको. एकदम बंद केली की हात थरथरतात, फिट येते, माणूस भ्रमतो. फिजिशियनना दाखवू, त्यांच्या सल्ल्यानं सोडवू. हर्निया अडकलेला नाही, ऑपरेशन पुढं ढकलता येईल.

बागायतदार : म्हंजे आज पिऊ?

मालकीण : ह्यांना एवढंच ऐकू येतंय!... मॅडम, एक इचारू? लेक बाळंतपणाला आलीय. नऊ महिने शांत होती. बाळंत झाली, अन् तिसऱ्या दिवसापासून रडायलीय. हे म्हणतात, नखरे हायेत.

भूलतज्ज्ञ : नखरे नाहीत. त्याच दारावर बसणारं एक द्रव्य आपलं शरीरच बनवतं, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. मेंदूवर काम करणारं स्टेरॉईड.

बागायतदार : स्टेरॉईड? पुतण्या जिममधी घेतंय ते?

भूलतज्ज्ञ : ते दंडासाठी, हे वेगळं. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्यापासून हे बनतं. प्रोजेस्टेरॉननं उंदीर गुंगतात, हे हान्स सेल्ये यांनी 1941 सालीच पाहिलं होतं. पुढं असल्या स्टेरॉईडची अल्थेसिन नावाची भूल माणसांना देऊही लागले. पण ते ज्यात विरघळवत, त्याची काहींना जबर अ‍ॅलर्जी यायची, म्हणून 1984 ला बंद केली.

मालकीण : मग माझ्या लेकीचं?

भूलतज्ज्ञ : बाळंतपणानंतर हे द्रव्य झपाट्यानं खाली येतं. काही जणींचा मेंदू तो उतार सहज पेलत नाही, असं दिसतं. अमेरिकेत 2019 ला हेच द्रव्य साठ तासांच्या सलाईननं द्यायला परवानगी मिळाली, 2023 ला त्याच जातीची गोळी आली. पण थोडं रडू बहुतेकींना येतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांवर गेलं, किंवा जिवाचं काही बोलू लागली, तर लगेच डॉक्टरकडं आणा. आपल्याकडंही उपचार आहेत.

मालकीण : (नवऱ्याला) ऐकलं? उद्यापासून तिला नखरे म्हणायचं न्हाय.

बागायतदार : न्हाय म्हणत. मॅडम, भुलेत माणूस खरं बोलतंय म्हणतात, खरं हाय का?

भूलतज्ज्ञ : गुंगीत थोडं बरळतो. थायोपेंटोन हे भुलेचंच औषध टोचून पोलीस नार्को टेस्ट करायचे. बरळणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. आणि 2010 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, माणसाच्या संमतीशिवाय ती करता येणार नाही.

मालकीण : मॅडम, ऑपरेशनच्या टायमाला एवढंच इचारा, मोंढ्यात हळद घातली, त्याची पट्टी कुठं ठेवलीय?

भूलतज्ज्ञ : काका, तारीख नंतर ठरवू. संमतीच्या फॉर्मवर सही करून ठेवता?

बागायतदार : करतो. पर लिहून घ्या : हर्नियाला संमती हाय, पट्टीला न्हाय.