निरोप समारंभ पुन्हा पुढे ढकलल्याबाबत

प्रति,
मा. श्री. दगडी कोळसा,
ज्येष्ठ अधिकारी, वीजनिर्मिती,
मुक्काम राणीगंज, झरिया, सिंगरौली, तालचेर, चंद्रपूर इत्यादी.

महोदय,

आपल्या निवृत्तीची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत झाली. भारत २०७० पर्यंत नेट झिरो होणार, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडणार तेवढा शोषूनही घेणार, असं पंतप्रधानांनी जगाला सांगितलं. त्याच उत्साहात आमची निरोप समारंभ समिती स्थापन झाली. शाल आणली, हॉल पाहिला. एकोणपन्नास वर्षं आधी बुकिंगला आलेलं गिऱ्हाईक हॉलच्या मॅनेजरने पहिल्यांदाच पाहिलं. श्रीफळ मात्र सारखं नवं आणावं लागतं, आणि तो खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा यावर ऑडिटवाल्यांचा आक्षेप आहे.

सन्मानपत्राचा मसुदाही तयार होता. १७७४ साली, कंपनी सरकारच्या अमदानीत, आपण राणीगंजला रुजू झालात. आगगाड्या ओढल्यात, गिरण्यांचे बॉयलर तापवलेत, आणि १९७० च्या दशकात खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सरकारी सेवेत कायम झालात. अडीचशे वर्षांत एक किरकोळ रजा नाही! शेवटच्या परिच्छेदात ‘अलीकडे साहेबांनी कामाचा व्याप आवरता घेतला होता’ असं एक वाक्य होतं, ते मात्र खोडावं लागलं. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर गेलं. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला हे शोभतं का, एवढंच विचारायचं होतं.

मुदतवाढीच्या बाबतीत तर आपण मंत्रालयातल्या भल्याभल्यांना मागे टाकलंत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज कंपन्यांना कळवलं की २०३० पर्यंत एकही औष्णिक संच निवृत्त करू नका, डागडुजी करून चालवा. पुढे २०३१-३२ पर्यंत कोळशावरची आणखी किमान ८० गिगावॉट क्षमता उभारण्याचं ठरलं. साहेब जायचे, तर त्यांच्याच खात्यात नवी भरती! चिमणीच्या धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला २०१५ च्या नियमाने दोन वर्षांची मुदत दिली होती. ती २०२२, २०२४, २०२६, २०२९ अशी सरकत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक संचांना त्यातून सूटच मिळाली. दोन वर्षांचं काम दहा वर्षांत माफ झालं, तर एकोणपन्नास वर्षांच्या कामाचं काय होईल? हे त्रैराशिक समितीतल्या कुणालाही सुटलेलं नाही.

तरी आपले दिवस भरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता ऊन, वारा, पाणी आणि अणू यांच्याकडे गेली, तीही ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. ही कामगिरी खरोखरच पेढे वाटण्याजोगी आहे आणि समितीने ते वाटलेही. मग कुणीतरी हजेरीपट मिटून कामाची वही उघडली. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आपल्याच नावावर होती! पटावर निम्मी नावं नव्या मंडळींची आहेत खरी. पण संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, पंखे, एसी आणि मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्यसाहेब डबा आवरून घरी गेलेले असतात आणि पाळीवर आपण असता.

तेव्हा खरी अडचण तारखेची नाही, चार्ज कुणाकडे द्यायचा याची आहे. दुपारची वीज रात्रीपर्यंत धरून ठेवायची तर बॅटऱ्या हव्यात, नाहीतर घाटघरसारखे उदंचन प्रकल्प हवेत. तिथे वरकड विजेवर पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज करतात. घाटघरची क्षमता २५० मेगावॉट. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. राजस्थानात २०२५ मध्ये सौरवीज होती, पण वाहून न्यायला तारा पुरेनात, म्हणून तयार होऊ शकणारी वीज सोडून द्यावी लागली. सोलर पार्कचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारेसमोर उभं राहून कोण फोटो काढणार?

आपल्या वारसदाराची तजवीज व्हावी म्हणून २०१० पासून आपल्यावर टनामागे ५० रुपये उपकर बसला. २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी साठवायचा हा पैसा २०१७ पासून राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. थोडक्यात, साहेबांचा भविष्य निर्वाह निधी घरखर्चात गेला.

आणि आपलं कुटुंब तर केवढं! रेल्वेच्या मालवाहतुकीत निम्म्याच्या आसपास माल आपला, आणि त्याच भाड्याच्या जोरावर आमचं पॅसेंजरचं तिकीट स्वस्त राहतं. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या वाघिणींना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडच्या तिजोऱ्या आपल्या रॉयल्टीकडे डोळे लावून असतात. झारखंडातच सायकलच्या दोन्ही अंगांना पोती बांधून कोळसा विकायला नेणारी माणसं दिसतात. पोत्यांमुळे पायडल मारायला जागा उरत नाही, म्हणून अख्खी वाट ती सायकल ढकलायची. त्यांचं नाव कोणत्याच पटावर नाही, तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनाची फाइल उघडायची वेळच येणार नाही.

चंद्रपूरचीही एक बाब कळवायची आहे. तिथल्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रातले पहिले दोन जुने संच बंद झाले, बाकीचे सात कामावर आहेत. केंद्राच्या आसपासच्या वस्तीत गच्चीवर कुरडया घालायच्या तर वर जुनं पातळ अंथरावं लागतं, आणि संध्याकाळी ते पातळ झटकलं की राखाडी भुकटी उडते. कुरडया घालणारी बाई आपल्या निवृत्तीची वाट आमच्या समितीपेक्षा जास्त आतुरतेने पाहत असते. पण तिचा मुलगा त्याच केंद्रात कंत्राटावर असेल, तर आपण गेलात की त्याचं काय, ही धास्तीही तिलाच. नेट झिरोच्या भाषणांत तिला उद्देशून एक वाक्य अजून आमच्या ऐकण्यात आलेलं नाही.

सबब समितीची विनंती अशी की २०७० हा आकडा तूर्त भिंतीवर राहू द्यावा आणि त्याच्याखाली एक साधा तक्ता लावावा. कोणता संच कोणत्या साली बंद होणार, त्याची संध्याकाळची पाळी कोण घेणार, तिथले कायम आणि कंत्राटी कामगार कुठल्या कामावर जाणार आणि त्याचा पैसा कुठून येणार. तक्त्यातली पहिली तारीख इतकी जवळची असावी की आज तिच्यावर सही करणारा अधिकारी त्या दिवशी नोकरीत असेल आणि त्याला खुलासा मागता येईल. असा तक्ता मिळेपर्यंत समारंभ स्थगित ठेवण्यात येत आहे.

आपला नम्र,
सचिव, निरोप समारंभ समिती

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :

१) श्री. सूर्यनारायण : सायंकाळनंतरच्या गैरहजेरीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

२) श्री. वारा : वर्षभराचं काम पावसाळ्यातच उरकण्याची आपली पद्धत सेवानियमांत बसत नाही.

३) ऊर्जामंत्री, सन २०७० : हे पत्र त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. त्यांचं नाव अजून कळलेलं नाही, पण चार्ज त्यांच्याच नावावर टाकून ठेवलेला आहे.